शांत होण्याचा हुकूम

नेकोचेआ, समुद्रकाठचा तंबू
जानेवारीअखेर

तीर्थस्वरूप ओरासिओदादा,

धाकट्या नोएलियाचा, राग गिळून केलेला नमस्कार. तुझी आणि इन्मावहिनींची प्रकृती उत्तम असेलच. तुमच्याकडे ती बिघडायला काही कारणच घडत नाही. वालेन्सियात सध्या थंडी असेल, तर मोजे घालून बसत जा. इकडे भर उन्हाळ्यात आम्ही दोघी मजेत आहोत. आई ठणठणीत आहे. जेवते, झोपते, पत्त्यांत लबाडी करते. मी शांत आहे. इतकी शांत आहे की एवढं लिहीपर्यंत पेनचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलं (वाऱ्यामुळे. नेकोचेआला वारा किती असतो ते तुला आठवत असेल, की तेही विमानात विसरून आलास?).

फोन न करता पत्र का, असं तू वहिनींना विचारशील. कारण फोनवर मी बोलू लागले की तू मध्येच ‘नोए, खोल श्वास घे’ म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही. तो निमूट ऐकून घेतो, आणि तुझ्या हातात पडेपर्यंत तुला उत्तरही देता येत नाही. या एका गोष्टीसाठी मी टपालखात्याची ऋणी आहे. (‘रोज एका गोष्टीबद्दल कृतज्ञ राहा.’ बघ, राहिले.)

तर नाताळच्या जेवणापासून सुरुवात करते, कारण तिथूनच सगळं बिघडलं. फोन सॅलडच्या भांड्याला टेकवून ठेवला होता, त्यात तू होतास, आणि आई थंड मांसाच्या चकत्यांवर सॉस घालत होती. तू म्हणालास, ‘नोए, तू अलीकडे फार चिडचिडी झालीस. नव्या वर्षात जरा स्वतःच्या मनाकडे बघ. मी तुला एक दिनक्रम पाठवतो, मला खूप फरक पडला.’ मी ‘बरं’ म्हणणार, तेवढ्यात तू पुढे म्हणालास, ‘आणि हो, मार्चपासून आईला तुझ्याकडे घेऊन ये. रोसारिओच्या घरात तिने एकटं राहायला नको. तुम्ही दोघी एकत्र असलात म्हणजे मला शांत झोप लागेल.’ पहिलं वाक्य माझ्या मनःशांतीचं, दुसरं तुझ्या. मधे तू स्वल्पविरामाएवढासुद्धा थांबला नाहीस. मग आपलं नेहमीचं झालं, चित्र गोठलं, आणि तू तोंड उघडं ठेवून बराच वेळ आमच्याकडे प्रेमाने बघत राहिलास. आईने मान वर केली नाही. मी न मागता तिने माझ्या ताटात आणखी एक चकती वाढली. मी ती खाल्ली. तुला वाटलं असेल, ठरलं.

दिनक्रम मिळाला. पहाटे उठून पोटाने श्वास घ्यायचा, मग कृतज्ञता मोठ्याने बोलायची, मग जमिनीवर अनवाणी चालायचं, दिवसातला काही वेळ फोनपासून दूर जायचं, आणि ‘प्रेमाने नाही म्हणायला शिकायचं’. हे ज्याने लिहिलं त्याच्या घरी भांडी दुसरं कुणीतरी घासत असणार. तरी मी केलं. एक तारखेला, आमची सारी अल्माग्रो वस्ती झोपलेली असताना, मी बाल्कनीत उभी राहून पोटाने श्वास घेतला. खाली एवारिस्तो (आमच्या इमारतीची देखभाल करणारा, तू गेल्यावर आलेला) नळी लावून फुटपाथ धूत होता. त्याने वर बघून विचारलं, ‘नोएलियाबाई, दमा आहे का?’ म्हटलं, नाही, मन शांत करतेय. ‘मग आतल्या आत करा. समोरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही रडताय का म्हणून.’ आणि नळी पलीकडच्या झाडाच्या बुंध्यावर धरून, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘सणाला आई आली होती ना? मग बरोबर आहे.’ या शहरात माणसाला साधा श्वास घेता येत नाही दादा, त्याचं निदान होतं. त्याच दिवशी भाजीवाल्याने माझ्या हातातलं पीच काढून घेतलं (मी ते दाबत होते म्हणे) आणि सांगितलं की माझा राग आईवर नसून भावावर आहे. तो स्वतः दर मंगळवारी मनोविश्लेषकाकडे जातो, त्याला लगेच कळतं. त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पीच कच्ची निघाली.

खरं तर हे सगळं मी शापिराबाईंना सांगायला हवं होतं. शापिराबाई म्हणजे माझ्या विश्लेषक. कित्येक वर्षं मी त्यांच्या दिवाणावर पडून छताकडे बघत आईबद्दल बोलते आणि त्या डोक्यामागे बसून ‘हं’ म्हणतात. पण आमच्या शहरातले मनाचे डॉक्टर जानेवारी लागला की एकजात समुद्राकडे उडून जातात आणि मार्चला परततात, आणि मधले दोन महिने आख्खं शहर, ज्याचं त्याचं मन ज्याच्या त्याच्या हातात घेऊन, रांगेत एकमेकांवर गुरगुरत उभं असतं. सुट्टीआधीच्या शेवटच्या भेटीत मी म्हटलं, ‘भाऊ म्हणतो आईला माझ्याकडे आण. आणि मला खरं म्हणजे...’ तेवढ्यात त्यांनी खुर्ची सरकवली. ‘आज इथंच थांबू. मार्चमध्ये भेटू.’ म्हणजे पुढचं वाक्य तोंडात धरून मी दोन महिने फिरायचं. तू कधी घास तोंडात धरून दोन महिने राहिला आहेस?

असो. माझ्या शाळेला सुट्टी होती, आईला तिचा तंबू हवा होता (बाबांच्या वेळेपासूनची तीच रांग, तोच हिरवा-पांढरा कापडी आडोसा, बाबा गेले तरी ती जागा सोडत नाही), म्हणून आम्ही नेकोचेआला आलो. मी तुझा दिनक्रम बरोबर आणला. पोटाने श्वास घ्यायला बसले की बरोबर श्वास सोडताना गोड तळलेले चुर्रो विकणारा कानाशी ओरडतो. अनवाणी चालले, तर भर दुपारची वाळू; तळपायाला फोड आले. कृतज्ञता मोठ्याने बोलू लागले, तर आई म्हणाली, ‘कुणाशी बोलतेस?’ म्हटलं, विश्वाशी. ‘मग विश्वाला म्हणावं थर्मासमध्ये गरम पाणी भरून आण. येर्बाचा चहा गार झालाय.’

तिसऱ्या दिवशी शेजारच्या तंबूत माणसं आली. एक अगदी म्हातारी बाई आणि तिची लेक. लेकीने मोठी टोपी घातली होती. तिने टोपी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि ताबडतोब पुस्तकात तोंड घातलं. शापिराबाई. पोहण्याच्या पोशाखात. आता, बाहेर भेट झाली तर एकमेकांना ओळखायचं नाही, हा नियम तुलाही माहीत आहे (तुझ्या त्या विश्लेषकांना चित्रपटगृहात बघून तू मध्यंतरातच निघून आला होतास). कापडाच्या एका पडद्यापलीकडे राहून आठवडाभर न ओळखणं सोपं नसतं. मी समुद्रावर जायला सगळ्या रांगेला वळसा घालू लागले. आई बघत होती. ‘ती बाई कोण आहे? तिला बघून तू लपतेस.’ कुणी नाही, म्हटलं. ‘तिच्या नवऱ्याचं काही आहे का?’ आई, नाही. ‘मग तिच्या भावाचं?’ असं म्हणून, पाणी मागायच्या निमित्ताने, ती थर्मास घेऊन चौकशीला गेली, आणि परत आली ती त्या म्हातारीची मैत्रीण होऊन. बेर्ताकाकू. त्याही पत्त्यांत लबाडी करतात. दोघींचं जमणारच होतं.

मला दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकायची सवय नाही. पण कापडाला कान नसतात, मला आहेत. पहिल्याच दुपारी पलीकडून शापिराबाईंचा आवाज आला, जो मी इतक्या वर्षांत ‘हं’पलीकडे कधी ऐकला नव्हता. ‘आई, मी बावन्न वर्षांची आहे. टोपी घालायची की नाही ते माझं मी ठरवीन.’ ‘ठरव की. नाक सोलवटलंय ते कुणी ठरवलं?’ ‘तू जरा हळू बोल, लोक ऐकतायत.’ ‘मी हळूच बोलतेय, तूच ओरडतेस.’ ‘मी ओरडत नाहीये, मी शांत आहे.’ दादा, ते ‘मी शांत आहे’ अगदी माझ्या आवाजात होतं. चौकशीअंती (आईच्या; मी काही विचारलं नाही) कळलं की बेर्ताकाकू लेकीच्याच घरी राहतात, दवाखान्यामागच्या खोलीत, कितीतरी वर्षं. म्हणजे मी दिवाणावर पडून आईबद्दल बोलत होते तेव्हा भिंतीपलीकडे ह्यांची आई बसली होती. मला वाटत होतं की माझ्या डोक्यामागे जी बाई बसली आहे तिला हे गणित सुटलेलं आहे, म्हणून ती गप्प आहे. ती गप्प होती कारण तिलाही उत्तर येत नव्हतं. मी उठले आणि समुद्रात जाऊन पाण्यावर हात आपटले. पाण्याला काही वाटलं नाही.

मग परवा त्या दोघी म्हाताऱ्या पत्ते पिसत बसल्या होत्या आणि मी इकडे डोळे मिटून श्वास घेत होते. आई म्हणाली, ‘मुलगा म्हणतो, पोरीकडे राहायला जा. तो वालेन्सियाहून बघतो, तिथून सगळं सोपं दिसतं.’ बेर्ताकाकूंनी विचारलं, ‘आणि पोरगी काय म्हणते?’ ‘पोरगी श्वास घेते.’ ‘म्हणजे?’ ‘सकाळ-संध्याकाळ श्वास घेते आणि माझ्याकडे बघते. नाताळपासून हे चाललंय. तिने स्वतःच्या तोंडाने एकदा ये म्हटलं असतं तर विचार केला असता. भावाने गळ्यात घातली म्हणून कुणाच्या दारात जाऊन उभी राहणारी मी नव्हे.’ बेर्ताकाकू म्हणाल्या, ‘मी तर गळ्यात घातलेलीच आहे. माझी लेक दिवसभर लोकांना शहाणं करते आणि संध्याकाळी माझ्यावर खेकसते. ते पान उलटं धरलंय तुम्ही.’ आई म्हणाली, ‘मग चला रोसारिओला. मार्चपासून माझ्याकडे राहा. दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि ओरडायला कुणी नाही.’ आणि बेर्ताकाकू, जणू एक बिस्कीट पुढे केल्यासारखं, ‘चालेल’ म्हणाल्या.

काल सकाळी मी दिनक्रमातलं ‘फोनपासून दूर’ करायला निघाले. फोन खुर्चीवर ठेवला, कुणाला काही सांगितलं नाही (सांगायचं असतं असं तुझ्या दिनक्रमात कुठे लिहिलेलं नाही), आणि पाण्याच्या कडेकडेने, दातांवर दात ठेवून, चालत सुटले. किती गेले ठाऊक नाही. परत येताना लांबून टाळ्या ऐकू आल्या. आता टाळ्या म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लहानपणी याच किनाऱ्यावर हरवलास तेव्हा तू एका परक्या माणसाच्या खांद्यावर बसून आइस्क्रीम खात होतास, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि त्या आवाजाच्या रोखाने आई धावत आली तेव्हा तुला उतरायचं नव्हतं. टाळ्या ऐकल्यावर इथे कुणाचे हात स्वस्थ राहत नाहीत. मीही वाजवू लागले. वाजवत वाजवत चालत होते, आणि शेजारून चाललेल्या एका बाईंना म्हणालेसुद्धा, ‘कसल्या आया असतात एकेक. पोराला सोडून खुशाल भटकतात.’ त्या म्हणाल्या, ‘अहो, आजकाल सगळ्यांना स्वतःचंच पडलेलं असतं.’ आम्ही दोघी मनापासून टाळ्या वाजवत गर्दीत शिरलो. मधोमध जीवरक्षकाची उंच खुर्ची होती. त्या खुर्चीवर पोहण्याची टोपी घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून, आई बसली होती. तिने बोट दाखवलं. ‘ती बघा. तीच.’ शेजारच्या बाईंनी टाळ्या थांबवून माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

झालं होतं असं: माझी खुर्ची रिकामी, फोन तिथेच, म्हणून आई घाबरून जीवरक्षकाकडे गेली आणि मुलगी हरवली म्हणाली. त्याने वय विचारलं. आई म्हणाली, सेहेचाळीस. त्याने ओळखलं की म्हातारीचा गोंधळ उडालाय, तीच वाट चुकलीय. मोठ्या मायेने त्याने तिला उचलून वर बसवलं आणि टाळ्या सुरू केल्या. आई खाली उतरायला तयार नव्हती, कारण वरून जास्त लांबचं दिसत होतं. ‘मी हरवले नव्हते,’ ती सगळ्यांदेखत वरून म्हणाली, ‘तू हरवली होतीस.’ म्हटलं, मी फिरायला गेले होते, मन शांत करायला. ‘असं शांत करतात? मी पाण्याकडे बघत बसले होते तासभर.’ पण तोवर किनाऱ्याने प्रकरण हातात घेतलं होतं. कलिंगडाची फोड धरलेले एक गृहस्थ म्हणाले, हिला आईपासून वेगळं व्हायला उशीर झालाय. त्यांच्या बायकोचं मत होतं की उलट, फार लवकर झाली. कुणीतरी तिसऱ्याने वडिलांबद्दल विचारलं. दोन तट पडले. आणि पुढच्याच रांगेत, टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून, शापिराबाई उभ्या होत्या. माझा तोल गेला. ‘तुम्ही तरी काहीतरी बोला,’ मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी तोंड उघडलं, तर बेर्ताकाकूच मधे बोलल्या, ‘ही? ही काय बोलणार? तुम्ही हिला ओळखता?’

मग मी सगळ्यांसमोर आईला एक गोष्ट म्हटली. काय म्हटलं ते इथे महत्त्वाचं नाही. आई त्यावर काय म्हणाली तेही नाही. ती जीवरक्षकाचा हात धरून खाली उतरली (माझा पुढे केलेला नाही), आणि पत्ते खेळायला गेली.

संध्याकाळी मी तंबूंच्या मागे बसले होते, तिथे शापिराबाई थर्मास घेऊन आल्या. नाक खरंच सोलवटलं होतं. ‘राग आलाय माझा?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, हो. ‘बरं,’ म्हणाल्या आणि शेजारी बसून त्यांनी मला येर्बाचा चहा ओतून दिला. मग म्हणाल्या, ‘माझी आई तुमच्या आईबरोबर चाललीय. मला तिने सांगितलंसुद्धा नाही, बॅगेला चाक बसवून आण म्हणाली.’ मी ‘हं’ म्हटलं. त्यांनीही मला कधी याहून जास्त काही सुचवलेलं नाही. चहा कोमट होता, त्यात वाळू उडत होती. आम्ही एकामागून एक तो सगळा संपवला.

तर दादा, तुझ्या मनासारखं झालं आहे. आई रोसारिओत एकटी राहणार नाही, बेर्ताकाकू असतील. तुला झोप लागेल. माझं घर माझं राहील, मला सकाळी पोटाने श्वास घ्यायला भरपूर जागा आणि शांतता मिळेल. मला तुझ्याकडून काहीही नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी (शांत) बहीण,
नोएलिया

ता. क. दिनक्रम आजपासून बंद केला आहे. त्यातलं ‘प्रेमाने नाही म्हणायला शिका’ एवढं एकच ठेवलं, पण प्रेमाचा भाग जमत नाही.

दुसरा ता. क. आईला मी काय म्हटलं ते आता सांगतेच, नाहीतर ती आधी फोनवर सांगेल आणि चुकीचं सांगेल. मी म्हटलं, ‘आई, माझ्याकडे राहायला ये.’ भर किनाऱ्यावर, ओल्या कपड्यांत, त्या कलिंगडवाल्यासमोर. तिने खुर्चीवरून खाली बघून विचारलं, ‘ओरासिओने सांगितलं म्हणून ना?’ आता यावर मी काय बोलू? तू सांगितलं होतंसच. शापिराबाईंपुढे माझं जे वाक्य अर्धं राहिलं ते हेच होतं. मी तिला स्वतः विचारणार होते. नाताळच्या जेवणानंतर, कॉफी घेताना. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तू मांसाच्या चकत्या चालू असतानाच हुकूम सोडलास, आणि त्या क्षणापासून मी काहीही म्हटलं तरी ते तुझाच हुकूम बजावणं ठरतं. तर तुझ्यासाठी एक काम आहे. आईला फोन कर. सांग, माझा विचार बदलला. सांग की नोए फार तापट आहे, तिच्याकडे राहणं बरं नव्हे. हवं ते खोटं सांग, तुला ते छान जमतं, फक्त तुझा हुकूम मागे घे. मग काही दिवस फोन करू नकोस, आम्हा दोघींपैकी कुणालाही. मी रोसारिओला जाईन आणि तिला विचारीन. ती नाही म्हणेल कदाचित. पण ते नाही तिचं असेल आणि विचारणं माझं असेल.

तिसरा ता. क. हे फेब्रुवारीतच कर. बॅगेला चाक बसलं आहे. आणि आणखी एक गोष्ट, ही मात्र तिला सांगायची नाही: माझ्या न्हाणीघरात धरायला एक दांडा बसवलेला आहे. एवारिस्तोने नोव्हेंबरात बसवला, तुझ्या त्या फोनच्या कितीतरी आधी. आईच्या उंचीने बसवून घेतलाय. मला तो रोज कोपराला लागतो.